‘चिकन दाखवलं तरच ऐकते’

पत्र थोडक्यात : कोथरूडच्या एका वाचक ताईंकडे चौदा महिन्यांची गावठी कुत्री आहे, चिकू. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू घरातलंच होऊन गेलं. घरात ताई, त्यांचे यजमान, अकरा वर्षांची लेक आणि सासरे. चिकू पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारते, टेकडीवर सोडली की हाकेला येत नाही, म्हणून घरी येणारा एक ट्रेनर लावला. त्याने गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घातली, ‘तुम्ही अल्फा, कळपाचे म्होरके, व्हा, आधी तुम्ही जेवा, मग तिला द्या’ असं सांगितलं आणि तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले. पाच आठवड्यांत चिकू त्याच्यासमोर बसायला लागली. पण आता दाराची बेल वाजली की तिला जागच्या जागी शू होते. ताईंनी स्वतः खाऊ देऊन शिकवून पाहिलं, तर ‘चिकन दाखवलं तरच ऐकते, नाहीतर ढुंकून बघत नाही.’ सासरे म्हणतात ही लाच झाली, कुत्र्याला धाक हवा. ‘आणि खरंच, ते ओरडतात तरी ती त्यांच्याच मागे असते. रात्री त्यांच्या ताटाशी बसते ती भाकरीचा शेवटचा तुकडा मिळेपर्यंत हलत नाही.’ लेकीला कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीचं, अ‍ॅजिलिटीचं, वेड लागलंय. यजमानांच्या मते ते बॉर्डर कॉली या परदेशी जातीचं काम, गावठीचं नव्हे. ट्रेनर ठेवू की थांबवू, खाऊ द्यावा की नाही आणि लेकीच्या डोक्यातलं हे खूळ काढावं का, असं ताई विचारतात.

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले. ते चिकनचं नाही, भाकरीचं आहे. चिकू सासऱ्यांच्या ताटाशी बसून राहते हे तुम्ही त्यांच्या धाकाचा पुरावा म्हणून लिहिलंय. जरा पुन्हा बघा. चौदा महिन्यांचं, ऐन वयात आलेलं जनावर; नाकासमोर जेवणाचा वास; आणि ते सगळं जेवण होईपर्यंत भुंकत नाही, पंजा लावत नाही, ताटात तोंड घालत नाही. हे ओरडून शिकवलं असतं तर ती ताटापासून लांब, पलंगाखाली जाऊन बसली असती. ती जवळ बसते, कारण शांत बसलं की शेवटी भाकरी मिळते हे तिने रोज अनुभवलंय. बक्षीस देऊन शिकवणारा कसबी माणूस तुमच्या घरात आधीपासून आहे. फक्त त्याचं त्यालाच ठाऊक नाही. (हे त्यांना जेवताना ऐकवू नका. त्यांना काम कोणतं द्यायचं ते पुढे सांगते.)

मग तुमचं चिकन का चालत नाही? उत्तर तुमच्याच शब्दांत आहे : ‘दाखवलं तरच’. तुम्ही आधी दाखवता, सासरे नंतर देतात. सगळा फरक एवढाच आहे.

तुम्ही मुठीत चिकन घेऊन ‘बस’ म्हणता तेव्हा चिकूसाठी हुकूम ‘बस’ हा नसतो. बंद मूठ, बोटांचा वास, ओट्याकडून येणाऱ्या आईची चाल, हा सगळा मिळून हुकूम असतो. मूठ रिकामी असेल तर तिच्या लेखी तुम्ही काही म्हणालाच नाहीत. याला हट्टीपणा म्हणू नका. तुम्ही दिलेल्या खुणा ती तुमच्यापेक्षा बारकाईने वाचते. लाच कामाच्या आधी दाखवतात, पगार काम झाल्यावर मिळतो. सासऱ्यांची पेन्शनसुद्धा केलेल्या कामाचीच आहे, आणि तिला आपण लाच म्हणत नाही.

आता असं करा. पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे एका डब्यात घालून डबा फ्रीजवर ठेवा. हात रिकामे. चिकूला हाताने खूण करा. ती बसली रे बसली की एक ठरलेला आवाज काढा आणि मग चालत जाऊन डब्यातला तुकडा द्या. हा आवाज म्हणजे ‘आत्ता केलंस ते बरोबर, पगार येतोय’ अशी पावती. क्लिकर नावाची, दाबली की वाजणारी छोटी डबी मिळते. नाही मिळाली तर बॉलपेनचा खटका चालतो, जिभेने काढलेला ‘टक्’ही चालतो. ही युक्ती रुळली प्राण्यांच्या खेळांतून. डॉल्फिन हवेत असताना त्याच्या तोंडात मासा देता येत नाही, म्हणून शिकवणारे नेमक्या क्षणी शिट्टी वाजवायचे. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या करेन प्रायर यांनी पुढे तोच विचार कुत्रे पाळणाऱ्यांपर्यंत नेला. सुरुवातीला चिकूकडून काही न मागता पंधरा-वीस वेळा नुसतं ‘टक्’ आणि तुकडा, ‘टक्’ आणि तुकडा. आवाज ऐकून तिची मान वळायला लागली की कामाला लागा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीनदा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक धडा सहज होतो. तुकडे तिच्या रोजच्या जेवणातून वजा करा. रस्सा लागलेली पोळी नको, त्यात कांदा-लसूण असतो. मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट तर अजिबात नको.

‘बस’ या शब्दाबद्दल मला वेगळं बोलायचंय, कारण मराठी घरांत हा घोटाळा हमखास होतो. दिवसभरात हा शब्द घरात किती वेळा उच्चारला जातो ते एकदा मोजा. ‘या, बसा’, ‘बस झालं आता’, ‘बस चुकली’, ‘बस कर गं’. त्यातल्या नव्वद वेळा चिकूने काही करणं अपेक्षित नसतं, म्हणून एक्क्याण्णवाव्या वेळीही ती काही करत नाही. त्यात बहुतेक घरांत आई ‘बस’ म्हणते, आजोबा ‘बैठ’ आणि लेक व्हिडिओ बघून ‘सिट’. चौघांनी बसून पाच-सहा शब्द ठरवा आणि फ्रीजवर कागद लावा. रोजच्या बोलण्यात न येणारा शब्द घ्या. आमच्याकडे बसण्यासाठी ‘टेक’ आहे. पाहुणे हसतात, पण आमच्या कुत्र्याचा, बंड्याचा, गोंधळ होत नाही. हाताची खूण तर शब्दाहून बरी. कुत्री आपली जीभ कमी आणि अंग जास्त ऐकतात.

‘जन्मभर खाऊच द्यायचा का?’ हा पुढचा प्रश्न येणारच. नाही. नवीन धडा शिकताना प्रत्येक वेळी द्या, पक्का झाला की मधूनमधून द्या, पण कधी ते तिला कळू देऊ नका. आपली ठरलेली भाजीवाली दर वेळी कढीपत्ता फुकट देत नाही. कधीतरी पिशवीत मूठभर टाकते, आणि आपण चार गाळे ओलांडून तिच्याकडेच जातो. पगार पनीरचाच हवा असंही नाही. दार उघडणं, पट्टा काढणं, कोपऱ्यावरचा खांब मनसोक्त हुंगू देणं ही चिकूच्या हिशेबात मोठी रक्कम आहे.

आणि नको ते शिकवणंही याच नियमाने होतं. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भक्तीच्या अंगाने तिला तोड नाही. शिकवणीच्या अंगाने बघाल तर त्या कुत्र्याला एवढंच कळलं असणार की पोळी पळवली की मागून तूप येतं! चिकूने चप्पल पळवली की घरातले चौघेही मागे धावतात ना? पाहुण्यांच्या अंगावर उडी मारली की सगळे तिच्याकडे बघून ‘नको, नको’ करतात ना? तेच तूप आहे. पाहुणा आला की त्याने आकाशाकडे बघत उभं राहायचं, चारही पाय जमिनीवर टेकले की ‘टक्’, तुकडा जमिनीवर. जोडीला दारापासून लांब एक सतरंजी टाका आणि तिथे जाऊन बसण्याचा पगार सगळ्यात चांगला ठेवा.

आता ट्रेनर. थांबवा. माझं मत इतकं सरळ आहे.

चिकू त्याच्यासमोर बसते हे खरं, पण मराठीत बसणं आणि बसवून ठेवणं हे दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्याकडे शिकवणीचा एखादा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून बघा. ती ओठ चाटते का? भूक नसताना, झोप नसताना जांभई देते का? कान मागे, शेपूट पोटाशी, एक पंजा अर्धवट उचललेला, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय? हे आज्ञाधारकपणाचं लक्षण नाही. ‘मी काही करत नाही, मला काही करू नका’ असं ती अंगाने म्हणत असते. शू होणं त्याचंच टोक. तरी एकदा पशुवैद्यांकडून लघवी तपासून घ्या, कारण मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असं होतं आणि ते राहून जायला नको.

अल्फाची गोष्ट मात्र एकदाची निकाली काढू या, कारण हा शब्द पुण्यात प्रत्येक बागेत ऐकू येतो. त्याचं मूळ कुत्र्यांत नाही, लांडग्यांत आहे, आणि तेही पिंजऱ्यातल्या. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या वागण्यावर लिहिलं. एकत्र कोंडलेले ते लांडगे वर्चस्वासाठी भांडत होते. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘अल्फा’ घराघरांत गेला. पुढे मीच यांनीच जंगलातल्या लांडग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं : आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी लढाई नसते, आईबाप असल्यामुळेच ते पुढे असतात. तेव्हा चिकूच्या आधी जेवायला हरकत नाही, पण त्यामुळे ती टेकडीवर हाकेला येणार नाही.

हाकेला येण्याबद्दल मी अधिकाराने बोलू शकते, कारण यात मी स्वतः सपशेल आपटले आहे. बंड्या दोन वर्षांचा असताना वेताळ टेकडीवर मोराच्या मागे गेला. मी वीस मिनिटं घसा फोडून हाका मारल्या. शेवटी जीभ बाहेर काढून, शेपूट हलवत तो आला आणि मी त्याला धरून दोन रट्टे दिले. माझ्या मनात शिक्षा पळून जाण्याची होती. त्याला मिळाली ती परत येण्याची. पुढचा दीड महिना तो माझ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबायचा आणि गोल गोल फिरायचा. नेमकी दहा पावलं. माझा हात पोहोचणार नाही एवढं अंतर त्याने अचूक मोजलं होतं.

तेव्हा चिकूला तूर्त मोकळी सोडू नका. गळ्याऐवजी अंगात घालायचा हार्नेस घ्या आणि त्याला दहा मीटर सुती दोरी लावा. पहिले पंधरा दिवस हाकेचा शब्द फक्त घरात आणि जिन्यात वापरा, ती येणारच अशी खात्री असेल तेव्हाच. मग सोसायटीच्या आवारात, मग टेकडीच्या पायथ्याशी. आली की एक नाही, पाठोपाठ पाच तुकडे, आणि लगेच ‘जा’ म्हणून पुन्हा हुंगायला सोडा. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा परत सोडायचं. ‘हाक म्हणजे घरी जायची वेळ’ असं एकदा तिच्या डोक्यात बसलं की कोणताही खाऊ कमी पडतो. समोर मोर असेल तर हाक मारूच नका, दोरी धरा. वाया गेलेली प्रत्येक हाक शब्दाची किंमत कमी करते. सध्या संध्याकाळी म्हात्रे पुलाच्या बाजूला नेत असाल तर तेही टाळा, तिथे ढोल पथकांचा सराव चालतो. त्या आवाजात तिला काही शिकवणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

लेकीचं खूळ काढू नका. तुमच्या पत्रात कामाची दुसरी गोष्ट तीच आहे.

अ‍ॅजिलिटी हा फार जुना खेळ नाही. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांची करमणूक म्हणून तो पहिल्यांदा दाखवला गेला. कल्पना घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून घेतली होती. आडवे बांबू, बोगदा, तिरकी चढण, सीसॉ, आणि साठ सेंटिमीटर अंतरावरच्या खांबांमधून नागमोडी पळणं. यातली गंमत यजमानांना सांगा : स्पर्धेच्या मैदानात पट्टा नसतो, कुत्र्याला हात लावायचा नसतो आणि खाऊही नेता येत नाही. म्हणजे तिथे चोक चेन ओढणाऱ्याचं आणि चिकन दाखवणाऱ्याचं, दोघांचंही काही चालत नाही. उरतं फक्त आधी शिकवलेलं. बॉर्डर कॉली जिंकतात, कारण त्यांना पिढ्यान् पिढ्या मेंढपाळाच्या हालचालीवर नजर ठेवण्यासाठी वाढवलंय. पण आपलं गावठी कुत्रं अंगाने हलकं, पायाने चपळ आणि वळायला तयार असतं. हौसेला वंशावळ लागत नाही.

काळजी दोन गोष्टींची. एक, उंची. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत उंच उड्या नकोत. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंस्थेच्या स्पर्धांत १८ महिन्यांच्या आतला कुत्रा उतरवता येत नाही, ते याचसाठी. चिकूसाठी तूर्त आडवी काठी जमिनीपासून चार बोटं वर पुरे. दोन कुंड्यांच्या काठावर पीव्हीसीचा पाइप नुसता ठेवायचा, बांधायचा नाही. पाय लागला तर तो पडला पाहिजे, कुत्री नाही. दोन, जमीन. पार्किंगच्या गुळगुळीत फरशीवर, त्यातून पावसाळ्यात, अजिबात नको. पाय घसरून खांदा किंवा गुडघा दुखावतो. माती किंवा गवत शोधा. पावसात घरातच दोन खुर्च्यांवर जुनी चादर टाकून बोगदा करा आणि त्याच्या तोंडाशी तिला फरफटत नेऊ नका. लेकीने पलीकडे बसून चेहरा दाखवायचा आणि वाट बघायची. चिकूने बोगद्यात नुसतं नाक घातलं तरी ‘टक्’, एक पाय घातला तरी ‘टक्’. पहिल्या दिवशी पूर्ण पार नाही झाली तर उद्या होईल.

त्याआधी लेकीला एकच गोष्ट शिकवू द्या : उघड्या तळव्याला नाक लावणं. तळवा तिच्या नाकापासून चार बोटांवर धरा, चिकू हुंगायला येईल, नाक लागलं की ‘टक्’. मग तळवा उजवीकडे, डावीकडे, खुर्चीच्या मागे. महिन्याभरात लेक हाताच्या इशाऱ्यावर चिकूला बादलीभोवती फिरवेल, काठीवरून नेईल, सतरंजीवर बसवेल. पळताना लेकीची पावलं आणि खांदे जिकडे वळतील तिकडे चिकू वळेल, आणि चुकीच्या अडथळ्यावर गेली तर दहातल्या नऊ वेळा खांदा लेकीचाच वळलेला असेल. चूक झाली की रागवायचं नाही, पावती द्यायची नाही, पुन्हा सोपं करून मागायचं. अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या खांद्याकडे बघायला लावणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

राहिले आगाऊ दिलेले पैसे. परत मागून बघा, बहुधा मिळणार नाहीत. ते गेले असं समजा. गेलेल्या पैशांसाठी उरलेले सात आठवडे चिकूला त्या माणसासमोर उभं करू नका. पुढे कुणी शोधलंत तर तीन गोष्टी विचारा : चिकूने बरोबर केलं तर तिला काय मिळेल, चुकलं तर काय होईल, आणि आम्ही समोर बसून बघू शकतो का. दुसऱ्या प्रश्नावर जो ‘बघा तुम्ही, आठवड्यात सरळ करतो’ म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या.

आणि बेल. पाव्हलॉव्हचे कुत्रे तुम्ही शाळेत शिकला असाल. या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं ते १९०४ मध्ये, पचनावरच्या कामासाठी. पण लोकांच्या लक्षात राहिला तो आवाज ऐकून लाळ गाळणारा कुत्रा. चिकूच्या बाबतीत तीच यंत्रणा उलटी फिरली आहे : बेल, मग तो माणूस, मग गळ्याला हिसका. ती बेल आता तिच्यासाठी बाद झाली. काढून टाका आणि वेगळ्या आवाजाची लावा. पहिले पंधरा दिवस पाहुण्यांना आल्यावर फोन करायला सांगा, बेल कुणी वाजवायची नाही. फक्त सासऱ्यांनी वाजवायची. दुपारी चहाच्या आधी, दिवसातून सहा-सात वेळा. बाहेर जाऊन बेल दाबायची, आत येऊन चिकूला भाकरीचा तुकडा द्यायचा, खुर्चीत बसायचं. चिकू घाबरून मागे सरली तर त्या दिवशी बेल सोडा आणि पुढच्या दिवशी कुणाला तरी तिच्याजवळ बसवून दार लावून वाजवा, म्हणजे आवाज लहान येईल. हे काम त्यांच्याइतकं नेमाने घरात दुसरं कुणी करणार नाही, आणि धाकाचा विषयही त्यात निघत नाही.

बेलचा आवाज लेकीला निवडू द्या. फक्त आरतीची धून नको. गणपती जवळ आलेत. घरोघरी ‘सुखकर्ता’ सुरू झालं की चिकू दर वेळी भाकरीसाठी दाराशी जाऊन बसेल.